राखाडीचा दिवा मागून लागायचा

एप्रिल ११, मंगळवार

सगळ्यांत आधी आली ती आ-च्यो. ती समोरच राहते आणि रोजच आधी येते, पण आज चपलासुद्धा न घालता आली आणि म्हणाली, "ताई, गल्लीच्या तोंडाशी काळी गाडी अडकलीय. हुंगसाहेबच असणार. एवढी लांब गाडी आपल्या गल्लीत घालायची म्हणजे भोपळा बाटलीत कोंबायचा." आ-च्यो तोंडाची फटकळ, पण तारेला पिन ठोकायच्या मशीनवर तिच्यासारखा पाय आमच्या सगळ्या सानचुंग शहरात कुणाचा चालत नाही.

हे सगळं कशाला लिहिते, तर श्यूबाईंनी सांगितलंय. कोण आलं, काय म्हणालं, जसं म्हणालं तसं लिहा अमा, नटवू नका. म्हाताऱ्या बाईला इथे सगळे अमाच म्हणतात. श्यूबाई आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घेतात दर बुधवारी, प्राथमिक शाळेत. तिथल्या खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला लागतात. वही त्या वाचत नाहीत, माणसाचं खाजगी असतं म्हणतात, फक्त शेवटच्या ओळीखाली तारखेचा लाल शिक्का मारतात. अडुसष्टाव्या वर्षी मला स्वतःचं नाव लिहिता आलं. माझ्या वहीत एकही बुधवार शिक्क्यावाचून नाही.

तर हुंगसाहेब. कॉम्प्युटरच्या पोटात वीज वाटणारा पत्र्याचा डबा असतो, तो त्यांच्याकडे बनतो. त्या डब्याची तारांची शेपटी बनते आमच्याकडे, खालच्या मजल्यावर. शेपटीच्या टोकाला वीस भोकांची पांढरी टोपी. तारा मी भरते. आज साहेबांनी चहाला हातसुद्धा लावला नाही. माझ्या मुलाला, शुन-फाला, म्हणाले, "उद्यापासून राखाडी तार वेगळी सोडायची नाही. डब्याकडच्या टोकाला ती लालबरोबर पिळा आणि दोघींना एकत्र कथील द्या. टोपीत मात्र तिच्याच भोकात ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसता कामा नये."

शुन-फा म्हणाला, "साहेब, राखाडी अशी लालला बांधली तर ती खोटं बोलेल. बाकीच्यांचं काही का होईना, ती आपली ठीक आहे, ठीक आहे म्हणत बसेल."

साहेब हसले. "तुझ्याकडे तारा बोलायला लागल्या का? डब्यातला एक बारीकसा भाग कमी लागतो, पैसे वाचतात, एवढंच. आजकाल सगळे करतात."

"मग नवा नकाशा द्या. सही करून."

"इतक्या वर्षांची ओळख, आणि कागद मागतोस? कागदावर काम करणारे समुद्रापलीकडे पुष्कळ बसलेत रे. तिकडे पाठवू का सगळं काम?"

माझी सून ली-चू उगाचच टेबल पुसत राहिली. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "अमा, तपासणीला द्यायचे तीन नग मात्र जुन्या पद्धतीचे हवेत, आणि तुमच्याच हातचे. असा हात बघायला मिळत नाही." मी तिथल्या तिथे तीन भरून दिले, ते बघत असताना. अननसाच्या वड्यांचा डबा ठेवून गेले. गाडी मागे घेताना आ-च्योची कुंडी फोडली. ती म्हणाली, "वड्यांतला निम्मा वाटा माझ्या कुंडीचा."

शुन-फा हुशार आहे हो. लहानपणापासून रेडिओ उघडून बसायचा. त्याला तारांचं बोलणं कळतं.

एप्रिल १३, गुरुवार

नवीन पद्धत सोपी आहे. टोपी मी नेहमीसारखी भरते. वरची ओळ: नारिंगी, नारिंगी, काळी, लाल, काळी, लाल, काळी, राखाडी, जांभळी, पिवळी. हे मी पुटपुटत नाही, हातच म्हणतो. टक् वाजलं की एकदा मागे ओढून बघायचं, तार सुटली नाही तर ती आपली झाली. मग शेपटी उलटी करून राखाडी आणि लाल पिळायची आणि ली-चूकडे सरकवायची, ती कथलात बुडवते.

मला यात वावगं काही वाटलं नाही. टोपीकडे नारिंगी आणि बारीक तपकिरी या दोघी पहिल्यापासून एकाच पिनेत राहतात. तशा या दोघी डब्याकडच्या टोकाला.

आ-च्यो म्हणाली, "पण तपकिरीला कुणी गप्प नाही बसवलं. राखाडीला काही सांगायचं असेल तर?"

शुन-फा इतक्या जोरात म्हणाला, "आ-च्यो मावशी, पाय चालवा," की मशीनच थांबलं. तो कुणावर आवाज चढवत नाही. आ-च्यो दुपारी मुळ्याचं लोणचं न देताच गेली.

एप्रिल २१, शुक्रवार

आज मला एक गंमत कळली. शुन-फाच्या तपासणीच्या टेबलावर नमुन्याचा एक डबा आणि त्याला जोडलेली एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येक रंगाच्या तारेचा एकेक दिवा. प्लग लावला की जांभळीचा दिवा लगेच लागतो, बाकीचे झोपलेले. जांभळी कधी झोपत नाही, घरातल्या म्हातारीसारखी. मग शुन-फा वाकवलेली तार घेऊन हिरवीला काळीशी भेटवतो आणि पिवळे, लाल, नारिंगी सगळे दिवे उठतात. राखाडीचा मात्र पापणी लवेल तेवढा मागून लागायचा. मला तो फार आवडायचा. सगळ्यांची पानं वाढून झाली की मग सून बसते ना, तसा.

आता राखाडीचा दिवा लालच्या बरोबरीने लागतो. मी म्हटलं, "बघ रे, आता वाट बघत नाही." संध्याकाळी पाहिलं तर त्याने राखाडीचा दिवाच काढून खणात ठेवला होता. फळीवर नुसतं भोक. "आता त्याचा उपयोग नाही, आई," म्हणाला.

चार हजार झाले, ते लगेच गेलेही. अजून आठ हजार करायचे आहेत.

जून ६, मंगळवार

नौकांचा सण. बांबूच्या पानात चिकट भात बांधून सत्तावन्न पुड्या केल्या. आ-च्योला दहा दिल्या, ती म्हणाली मीठ कमी आहे, आणि तिथेच उभ्याउभ्या दोन खाल्ल्या. बारा हजार पुरे होऊन माल गेला. हुंगसाहेबांकडून खूश आहोत असा निरोप. शुन-फाने एक पुडी सोडली आणि तशीच ठेवली. पोरगा वाळला आहे. ली-चू म्हणते झोपेत हिशेब केल्यासारखं पुटपुटतो. गेल्याच आठवड्यात देवळात जाऊन त्याच्यासाठी उदबत्ती लावून आले.

जून २१, बुधवार

आज वर्गात माझं नाव झालं. श्यूबाईंनी वर्तमानपत्रं आणली होती आणि प्रत्येकीने एक बातमी वाचायची होती. मला दक्षिणेकडची आली. मी बोट न ठेवता वाचली, एकही अक्षर अडलं नाही. बाई म्हणाल्या, "अमा, आता तुम्ही कुठलाही कागद वाचू शकता." कागद वाचता येणं म्हणजे काय ते ज्यांना लहानपणापासून येतं त्यांना कळायचं नाही.

बातमी दुःखाची होती. तिकडे एका वृद्धाश्रमात खोल्यांच्या घंटा एका कॉम्प्युटरला जोडल्या होत्या. घंटेचं बटण दाबलं की पडद्यावर त्या खोलीचा चौकोन लाल व्हायचा. गेल्या गुरुवारी, पंधरा तारखेला, दुपारी विजांचा पाऊस आला, दिवे क्षणभर मंदावले आणि परत आले. खरं तर कॉम्प्युटर तेव्हा बंद पडून पुन्हा सुरू व्हायला हवा होता, असं लिहिलंय. तो तसाच राहिला, थिजून. सगळे चौकोन हिरवे. चुआंग आडनावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई दोन तास बटण दाबत होत्या. सापडल्या तेव्हा अंगठा बटणावरच होता. त्या कॉम्प्युटरची तपासणी चालू आहे.

घरी जेवताना मी पुन्हा मोठ्याने वाचून दाखवली, कारण वर्तमानपत्र बाईंनी मला बक्षीस दिलं होतं. शुन-फाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, "पुन्हा वाच. दिवे मंदावले तिथून." मला इतकं बरं वाटलं, मुलाने आईकडून वाचून घ्यावं. पुन्हा वाचलं. तो उठून खाली गेला. त्याचा मासा मी झाकून ठेवला.

ली-चूने विचारलं, "सासूबाई, ते वर्तमानपत्र मी घेऊ?" तिने ते फरशी पुसायच्या बादलीत घातलं. माझं बक्षीस होतं. पण सुनेला काय बोलायचं.

जुलै ३, सोमवार

खाली तयार शेपट्यांचं एक पोतं उरलं होतं, चारेकशे असतील. शुन-फाने आम्हा सगळ्यांना कात्र्या दिल्या आणि कापायला लावल्या. बोटभर, बोटभर. मी म्हटलं, "अरे, चांगल्या आहेत, टोपी तरी काढून घेऊ." म्हणाला, "टोपीसकट." माझ्या हातच्या शेपट्या मी पहिल्यांदाच कापल्या. आ-च्यो कापत होती आणि सारखी माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुला खरंच काही विचारावंसं वाटत नाही?"

मी म्हटलं, "मालकाने सांगितलं तर कापायचं."

"मालक तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच."

हुंगसाहेबांचा फोन लागत नाही. शुन-फा दिवसातून पाचपाच वेळा लावतो. एकदा त्यांच्या सेक्रेटरीने उचलला, म्हणे साहेब समुद्रापलीकडे गेलेत, नवीन कारखाना बघायला. मोठा माणूस, कामं असतात.

ऑगस्ट १४, सोमवार

सातव्या महिन्याची पौर्णिमा, पाताळाचं दार उघडं. सगळ्या गल्लीने दारापुढे टेबलं मांडली. ज्यांना कुणी नाही त्या सगळ्या भटक्या आत्म्यांसाठी आम्ही कोंबडी, भात, बिस्किटांचे पुडे, तोंड धुवायला तस्त आणि नवा टॉवेल ठेवला. आ-च्योने बियरचे डबे ठेवले, म्हणाली तिचा नवरा त्यांच्यातच असेल, आणि नसला तर ती पिईल.

शुन-फाने टेबलाच्या कडेला आणखी एक वाटी ठेवली, वेगळी, आणि वेगळी उदबत्ती लावली. ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ऐकू आलं, "चुआंग आजी." मी विचारलं, आपल्यात चुआंग कोण? म्हणाला, "ओळखीच्या नाहीत." ओळखीच्या नाहीत त्यांनाही जेवू घालतो, असा माझा मुलगा. दर बुधवारी जसा शिक्का तसा दर चांगल्या गोष्टीला कुणीतरी वर शिक्का मारत असेल.

वाऱ्याने त्या वाटीतली उदबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटवल्यावर त्याने ती वाटीत खोवली नाही, हातात धरूनच उभा राहिला, बोटाला चटका बसेपर्यंत.

सप्टेंबर १२, मंगळवार

चंद्राचा सण. मी पपनस सोलत होते आणि सालीची टोपी करून डोक्यावर घालून दाखवणार होते, पण हसायच्या अवस्थेत कुणी नव्हतं.

शुन-फा म्हणाला, "आई, पुढच्या आठवड्यात माणसं येतील. सरकारी. विचारतील, राखाडी लालला कशी काय जोडली गेली. तू सांग, चुकून झाली."

मी म्हटलं, "चुकून? कुणाकडून?"

"तुझ्याकडून. टोपीकडे नारिंगी आणि तपकिरी एकत्र घालायची सवय, तशी या टोकाला राखाडी आणि लाल. डोळे अधू झालेत. म्हाताऱ्या बाईला कोण काय करणार आहे?"

"आणि हुंगसाहेब?"

यावर ली-चूने सांगितलं. "ते सांगताहेत की त्यांनी नकाशा बरोबर दिला होता. पुरावा म्हणून तुम्ही भरलेले तीन नग दाखवले. सासूबाई, ते तीन नग बरोबर आहेत. म्हणजे चूक आमचीच, असं. तुम्ही नाही सांगितलंत तर ह्यांना घेऊन जातील. समजतंय ना? तुरुंगात."

"तारांसाठी?"



मला रडू आलं नाही, राग आला. बत्तीस वर्षं. आधी टीव्हीच्या तारा, मग रेडिओच्या, आता या. माझ्या हातून एक तार चुकीच्या भोकात गेलेली कुणी दाखवावी. डोळे अधू म्हणे. पण मुलगा समोर असा बसला होता, लहानपणी ताप आला की बसायचा तसा, खांदे पाडून. मी म्हटलं, "सांगीन." पपनस कडू निघालं.

सप्टेंबर १८, सोमवार

आज इतकं झालं की कुठून लिहू. पान पुरलं नाही तर उद्याची जागा वापरीन.

आधी आली ती एकटी बाई. पन्नाशीची, बारीक. दारापुढच्या छपराखाली उभी राहिली, सरकारी माणसं इथेच येणार ना म्हणाली, आणि आत येईना. केसात शोकाच्या लोकरीची गाठ टोचलेली. मला लगेच कळलं. सुतक धरलेलं माणूस दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाही, पूर्वी सगळे पाळायचे, आता कुणाला माहीत तरी आहे का. मी बाहेर स्टूल नेलं, चहा नेला. "कोण गेलं ग?"

"आई. जूनमध्ये."

"आजारी होत्या?"

"नाही," म्हणाली. "बेल वाजवत होती."

मी पुढे विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला खोदू नये. आईचं आडनाव विचारलं तेवढं, चुआंग म्हणाली. हे आडनाव मी कुठेतरी लिहिलंय, शोधायला हवं असं मनात आलं. चहाचा गरम कप धरूनही माझे हात गार होते, सकाळपासून पाऊस आहे म्हणून असेल.

मग दोघं आले. फानबाई, तरुण, केस कापलेले, वही घेऊन; आणि त्सेंगसाहेब, चष्मा, जड पिशवी. सरकारी माणसं इतकी मऊ बोलतील असं वाटलं नव्हतं. फानबाईंनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या. त्सेंगसाहेबांनी टेबलावर एक कापलेली शेपटी ठेवली. जळालेली वगैरे नाही, अगदी छान. मी लांबूनच ओळखली, माझी. काळ्या तारा मी एका बाजूला विंचरून घेते, तशा दुसरं कुणी घेत नाही.

"अमा, ही तुमच्या हातची?" त्सेंगसाहेबांनी विचारलं.

"माझ्याच."

शेपटीचं डब्याकडचं टोक वळवून त्यांनी पीळ दाखवला. "आणि हे?"

शुन-फा भिंतीला टेकून उभा होता. ली-चू चहाचा ट्रे घेऊन. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "माझीच चूक झाली असेल. डोळे गेलेत."

फानबाई म्हणाल्या, "बारा हजार वेळा तीच चूक, अमा?"

त्सेंगसाहेब बिचारे माझी बाजू घ्यायला गेले. "जाऊ द्या हो. वय झालं की होतं असं. माझी आई तर मीठ समजून साखर घालते."

हे मला लागलं. त्यांची आई घालत असेल. मी म्हटलं, "एक टोपी द्या इकडे." आणि गळ्यातला रुमाल काढून डोळ्यांवर बांधला. तारा माझ्या उजवीकडे खुंट्यांवर रंगवार टांगलेल्या असतात, चार वर्षांत खुंटी बदललेली नाही. शुन-फा म्हणाला, "आई, नको." मी म्हटलं, "थांब." नारिंगी, नारिंगी, काळी, लाल. टक्, ओढ. टक्, ओढ. खोलीत दुसरा आवाज नव्हता, फक्त पावसाचा. वीस भोकं भरली, टोपी त्सेंगसाहेबांपुढे ठेवली आणि रुमाल सोडला. त्यांनी एकेक तार मीटर लावून तपासली. मग चष्मा काढून पुसला. "एकही चूक नाही," म्हणाले.

दारातून आ-च्यो म्हणाली, "आता साहेबांच्या आईचं मीठही एकदा तपासून घ्या." ही कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक. त्या बाहेरच्या बाईच्या शेजारी, तिचा हात धरून.

फानबाई अगदी हळू म्हणाल्या, "मग अमा, चूक नव्हती तर."

"माझ्या हाताला सांगितल्याशिवाय तार जागा सोडत नाही."

"कोणी सांगितलं?"

आता खोटं कसं बोलायचं? आणि मला बोलायची गरजच काय, सगळं लिहिलेलं असताना? मी म्हटलं, "वाचूनच दाखवते की." वही आणली. त्यांनी आधी शिक्के पाहिले, बारा एप्रिलचा, एकोणीस एप्रिलचा, प्रत्येक बुधवारचा. विचारलं कुणाचे, मी सांगितलं श्यूबाईंचे, सरकारी शाळेच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी उभी राहून वाचलं, वर्गात वाचते तसं. भोपळा आणि बाटलीपाशी कुणी हसलं नाही. हुंगसाहेब काय म्हणाले ते सगळं वाचलं, नकाशा दिला नाही ते, तीन नग वेगळे करून घेतले ते. फानबाईंचं पेन पळत होतं. त्सेंगसाहेब म्हणाले, "हुंगच्या नकाशाची गोष्ट खोटी पडली मग." मला वाटलं, सुटला माझा मुलगा. आवाज आणखी मोठा केला.

मग शुन-फाचं वाक्य आलं. फानबाईंनी हात वर केला. "अमा, हे पुन्हा वाचता?"

मी वाचलं. "साहेब, राखाडी अशी लालला बांधली तर ती खोटं बोलेल. बाकीच्यांचं काही का होईना, ती आपली ठीक आहे, ठीक आहे म्हणत बसेल."

"हे तुमचा मुलगा म्हणाला? त्या दिवशी? अकरा एप्रिलला?"

"हो तर," मी म्हटलं. "हुशार आहे तो. त्याला तेव्हाच कळलं होतं."

ली-चूच्या हातातला ट्रे टेबलावर असा टेकला की चारही कप आडवे झाले. शुन-फाने डोळे मिटून घेतले आणि भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसला, उकिडवा. गंमत म्हणजे चेहऱ्यावर राग नव्हता. कितीतरी महिन्यांनी त्याचे खांदे सैल दिसले.

फानबाईंनी ते वाक्य तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. मी हळूहळू वाचलं, म्हणजे त्यांचं काही चुकू नये.

मग मी त्सेंगसाहेबांना विचारलं, "राखाडी करते तरी काय? इतकी वर्षं भरली, मला कुणी सांगितलं नाही."

ते म्हणाले, "बाकीच्या सगळ्या तारा नीट उभ्या राहिल्या की मग ती सांगते, आता चालू करा. आणि त्यांच्यापैकी कुणी ढेपाळलं तर सगळ्यांत आधी तीच सांगते, थांबा. मशीन मग थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लालला बांधली की ती काही झालं तरी एकच सांगत राहते."

"ठीक आहे म्हणून."

"हो."

"आणि दिवे मंदावले तर?"

त्यांनी बाहेर बघितलं. बाहेर ती बाई स्टुलावरून उठली होती.

जाताना फानबाईंनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. म्हणाल्या, "अमा, पान फाडू नका. कुणी सांगितलं तरी. मूळ वही आम्ही पुढच्या वेळी पावती देऊन नेऊ." शुन-फाला म्हणाल्या गावाबाहेर जाऊ नका. तो म्हणाला, "कुठे जाणार?" ली-चू त्यांना पोचवायला गेली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ती आत्ता वर आहे, कपाट उघडल्याचा आवाज येतोय.

त्या बाईला मी म्हटलं, "पुढच्या वेळी आत या, जेवून जा." ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

ते गेल्यावर शुन-फा वर आला नाही. मी जिन्यातून वाकून पाहिलं. त्याने खणातून राखाडीचा दिवा काढला, फळीवरच्या भोकात बसवला, आणि मी डोळे बांधून भरलेली ती शेपटी लावली. टोकाला पीळ नव्हता, राखाडी तिची ती. वाकवलेल्या तारेने हिरवी काळीला भेटवली. पिवळा, लाल, नारिंगी, सगळे उठले. मग, पापणी लवली तेवढ्याने, राखाडीचा. त्याने बंद केलं. पुन्हा केलं. पुन्हा तो मागूनच लागला. असं सात-आठ वेळा. मी त्याला हाक मारली नाही.

मग मी वही घेऊन बसले आणि चुआंग हे आडनाव शोधलं. मागे कुठेतरी लिहिलंय एवढं लक्षात होतं.

सापडलं. दोन ठिकाणी.

बारा हजार पीळ मी घातले, माझ्या या बोटांनी, आणि एकही सैल नव्हता.

ते सगळे शुक्रवारी येतो म्हणाले आहेत, बावीस तारखेला, सकाळी दहाला. त्या दिवशी त्या बाईच्या आईला शंभर दिवस पुरे होऊन सुतक फिटतं, तेव्हा ती उंबऱ्याच्या आत येणार आहे.